उजळाईवाडी ते सोनेगाव

‘दीड तासाचं विमान म्हणत होतास ना? मग सकाळपासून काय करून राहिला होतास?’ नागपूरच्या आत्याने दार उघडता उघडता विचारलं. रात्रीचे पावणेदहा वाजले होते. मी कोल्हापुरातल्या घरातून निघालो होतो सकाळी आठला. आत्याच्या प्रश्नाला माझ्याकडे खरोखरच उत्तर नव्हतं, कारण तिचंही बरोबर होतं आणि मी सांगितलं होतं तेही खोटं नव्हतं. मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ क्षणात समोर येतो. सातशे किलोमीटर, सव्वा ते दीड तास. मी तोच आकडा तिला कळवला होता.

गोष्ट काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरची. तेव्हा कोल्हापूरहून नागपूरला थेट विमान नव्हतं. मुंबईवरून जायचं, दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर विमान आलं, आम्ही बसलो, दार लागलं, आणि विमान जागच्या जागी पाऊण तास उभं. मुंबईत उतरायला जागा मिळत नव्हती. उतरलो ते एका टर्मिनलला, पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून. सांताक्रूझच्या बाजूने सहारला रिक्षाने पोचेपर्यंत काउंटर बंद झालेलं. तिकिटं वेगळी असल्यामुळे पहिल्या कंपनीचा संबंध संपलेला, दुसरीचा सुरूच झाला नव्हता. संध्याकाळच्या विमानाचं नवं तिकीट काढलं. बाकीचा दिवस वडापाव आणि चार्जिंगच्या खांबाजवळ बसून.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे: राज्यातल्या दोन प्रादेशिक विमानतळांमधलं अंतर नेमकं कशात मोजायचं?

आधी किलोमीटरचं बघू, कारण तो भाग सोपा आहे. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो. त्याचे अक्षांश-रेखांश अधिकृत कागदपत्रांत छापलेले असतात. दोन बिंदूंमधली पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरची सर्वांत आखूड रेघ काढायची, ते हवाई अंतर. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर, नागपूर २१.१ वर, रेखांशांतला फरक पावणेपाच अंशांचा. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि रेखांशाचा अंश आपल्याकडे त्याहून थोडा आखूड, एवढं धरून वहीच्या पानावर पायथागोरस मांडला तरी उत्तर ७०० किलोमीटरच्या आसपासच येतं. मुंबई–न्यूयॉर्कसारख्या प्रवासात नकाशावरची सरळ रेघ आणि गोलावरची रेघ यांत मोठी तफावत पडते. राज्याच्या आतल्या अंतरांत ती नगण्य असते. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत मोजतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे त्याच्या दृष्टीने हे ३८० मैलांच्या आतबाहेर.

आता तीच दोन गावं जमिनीवरून. सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा अशा रस्त्याने आठशे किलोमीटरच्या वर. रेल्वेने बाराशेच्या घरात, कारण गाडी आधी पुण्याला वर चढते, दौंड-मनमाडवरून खानदेशात जाते आणि मग पूर्वेला वळते. आणि विमानाने मुंबईमार्गे गेलं, तर ३१० अधिक ६८०, म्हणजे जवळजवळ हजार. नागपूरच्या झिरो माइलच्या खांबावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची मैलांतली अंतरं कोरली आहेत. त्या काळी ते बरं होतं, प्रत्येक गावाला एकच आकडा. कोल्हापूरला निदान चार द्यावे लागतील.

वेळेचा हिशेब याहून वाकडा. वेळापत्रकात छापलेला काळ हा हवेतला काळ नसतो. चाकांना लावलेली लाकडी अडण काढल्यापासून दुसऱ्या ठिकाणी ती पुन्हा लावेपर्यंतचा तो काळ. या धंद्यातले लोक त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. जळगाव–गोवा घ्या. जळगावचं विमानतळ आणि गोव्याचं मोपा यांत हवाई अंतर सहाशे किलोमीटरच्या थोडं वर. एटीआर ७२ हे पंख्यांचं विमान ताशी पाचशेच्या आसपास जातं. भागाकार केला तर एक तास बारा मिनिटं. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. वारा ज्या दिशेने असेल त्याच्या विरुद्ध तोंड करून उतरायचं असल्यामुळे कधी धावपट्टीला अर्धा वळसा घालावा लागतो. मध्ये लष्करी हवाई क्षेत्र आलं तर रेघ वाकते. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, नाशिकचं ओझर हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. जमिनीवरची धावाधाव दोन्ही टोकांना. हे सगळं धरून कंपनी पावणेदोन तासांच्या आसपास काळ लावते, आणि वर थोडी उशी ठेवते, म्हणजे दहा मिनिटं उशिरा निघूनही ‘वेळेवर’ पोचल्याची घोषणा करता येते. वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत असलं तर विमान वेळेवर धरलं जातं. आणि हा वक्तशीरपणाचा मासिक तक्ता मोजला जातो तो महानगरांच्या विमानतळांवर. सिंधुदुर्गातल्या चिपीला किंवा नाशिक-जळगावच्या कांदे-केळ्यांच्या पट्ट्यात विमान किती उशिरा येतं, ते त्या तक्त्यात येत नाही.

वाऱ्याचं माप लोकांना उगाच मोठं वाटतं. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वाहणारा वारा जोरात असतो. त्यामुळे जेट विमान मुंबईहून नागपूरला जाताना परतीपेक्षा पाच-दहा मिनिटं लवकर पोचू शकतं. एटीआर त्यामानाने खालून उडतं, त्याला तेवढंही मिळत नाही. प्रादेशिक प्रवासातली मिनिटं वाऱ्यात जात नाहीत.

ती जातात धावपट्टीच्या लांबीत. ही गोष्ट बाहेरच्याला पटकन लक्षात येत नाही. कोल्हापूरचं विमानतळ संस्थानी काळातलं, छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेलं, १९३९ पासूनचं. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. धावपट्टी बरीच वर्षं १,३७० मीटर होती, ती वाढवून १,९३० मीटर केली. उंची वाढली, ऊन तापलं की हवा विरळ होते आणि तेवढंच वजन उचलायला विमानाला जास्त धावावं लागतं. म्हणून अशा पट्टीवर एअरबस ३२० सारखी मोठी जेट पूर्ण भरून उडवणं परवडत नाही. एटीआर किंवा छोटी एम्ब्राएर येतात. लहान विमान म्हणजे कमी आसनं, एटीआर असेल तर कमी वेग, आणि इंधन, कर्मचारी हे सगळं सत्तर-बहात्तर जणांत वाटायचं. नागपूरच्या सोनेगावची पट्टी तीन किलोमीटरच्या वर असून उपयोग नाही. दोन टोकांपैकी आखूड टोक ठरवतं.

एटीआरमध्ये ज्यांनी प्रवास केला नसेल त्यांच्यासाठी: चढायचं शेपटीकडून. चार-पाच पायऱ्यांची शिडी दाराच्याच आतल्या अंगाला. डोक्यावरचे कप्पे इतके बसके की चाकांची बॅग आत जात नाही. ती शिडीपाशीच चिठ्ठी लावून काढून घेतात आणि उतरल्यावर तिथेच विमानापाशी परत देतात. पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं. कोल्हापूरहून निघालं की उसाची चौकोनी शेतं, नदीचं वळण, कारखान्यांची धुराडी. जेटमध्ये एवढं कधी दिसत नाही. हा एक फायदा मात्र कबूल केला पाहिजे.

पण सगळ्यात मोठा वेळ खाते ती मुंबई. आपल्या राज्याची हवाई वाहतूक एसटीच्या नकाशासारखी नाही. एसटीत पंढरपूरहून अंबाजोगाईला जाताना कुणी ठाण्याला जात नाही. विमानात जावं लागतं. मुंबईला एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला उड्डाणं आणि उतरणं मिळून मर्यादा ४६ होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ती ४४ वर आणली, कारण विमानं शहराभोवती चाळीस ते साठ मिनिटं घिरट्या घालत होती. मंत्रालयानेच दिलेला हिशेब असा, की एवढ्या घिरट्यांत एका विमानाचं पावणेदोन ते अडीच हजार लिटर इंधन जळतं. म्हणजे कोल्हापूर–मुंबई हे ३१० किलोमीटर उडायला जेवढा वेळ, जवळजवळ तेवढाच वेळ डहाणू-अलिबागच्या आसमंतात गोल गोल. आता कंपनीच्या जागी बसून बघा. मुंबईत उतरण्याची एक वेळ हातात आहे. ती ७२ आसनांच्या कोल्हापूरच्या विमानाला द्यायची, की १८० आसनांच्या दिल्लीच्या? उत्तर कठोर आहे, पण कंपनीला चुकीचं म्हणता येत नाही. म्हणून लहान गावांना सकाळी सहा किंवा दुपारी दोन अशा उरलेल्या वेळा येतात, आणि पुढच्या विमानाशी त्या जुळत नाहीत.

हे सुधारायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९८१ मध्ये केंद्राने वायुदूत काढली, खास लहान गावांसाठी. ती तोट्यात बुडाली आणि १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. मग खासगी कंपन्या आल्या आणि गेल्या. २०१६ मध्ये ‘उडान’ योजना आली. कल्पना अशी की, साधारण तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या आसनांचं भाडं अडीच हजारांच्या आसपास बांधून द्यायचं, कंपनीचा तोटा तीन वर्षं सरकारने भरायचा आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसऱ्याला येऊ द्यायचं नाही. २७ एप्रिल २०१७ रोजी पहिल्या विमानांना झेंडा दाखवला, त्यात सिमला–दिल्लीबरोबर नांदेड–हैदराबादही होतं. मराठवाड्याला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पुढे काय झालं, ते नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. उरलेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि अनुदान संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकलेले मार्ग ५४. शंभराला सात. योजनेचे समर्थक म्हणतात, सातही काही कमी नाहीत, त्याआधी शून्य होते. मला हे पटत नाही. विमानसेवा ही लोकांच्या सवयीत बसावी लागते. तीन वर्षांत सवय लागते न लागते तोच बंद झालेलं विमान हे कधीच नसलेल्या विमानापेक्षा वाईट, कारण पुढच्या वेळी सुरू झालं तरी लोक त्याच्या भरवशावर लग्नाची तारीख धरत नाहीत.

नाशिक–पुण्याचं उदाहरण बघण्यासारखं आहे. ओझर ते लोहगाव सरळ रेषेत १७० किलोमीटर. रस्त्याने दोनशेच्या थोडं वर, पण सिन्नर, संगमनेर, नारायणगाव आणि शेवटी चाकण. पाच तास कुठे गेले कळत नाही. थेट रेल्वेमार्ग नाही. म्हणजे विमानाला याहून चांगली संधी कोणती? डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने एकोणीस आसनांची बीचक्राफ्ट विमानं आणली आणि नाशिकहून पुणे-मुंबई जोडायचा प्रयत्न केला. पण ओझर नाशिकपासून वीसेक किलोमीटर. तासभर आधी काउंटर बंद होतं म्हणून दीड तास आधी पोचायचं, लोहगावला उतरून शिवाजीनगरला जायला पुन्हा तास. चाळीस मिनिटांचं उड्डाण, सगळा मिळून प्रवास चार तासांचा. एक तास वाचला, आणि विमान रद्द झालं की दिवस गेला. एप्रिल २०२० मध्ये कंपनीच थांबली, करोनाचं निमित्त झालं. माझ्या हिशेबाने अडीचशे किलोमीटरच्या आत विमान हे वेळ वाचवायचं साधनच नाही, मध्ये समुद्र किंवा डोंगर नसेल तर. चारशेच्या पुढे मात्र रस्ता हरायला लागतो.

आणि रस्ताही आता जुना राहिलेला नाही. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे आठ तासांत, असं सांगतात. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाने नागपूरला जाण्यासाठी मुंबईमार्गे विमान पकडणं ही आता थट्टा ठरेल. तो नाश्ता करून गाडीत बसतो आणि दुपारच्या चहाला पोचतो. कोल्हापूरला मात्र असा पर्याय नाही. शक्तिपीठ महामार्गाची रेघ कागदावर आहे, आणि तिला सगळ्यात कडवा विरोध कोल्हापुरातल्याच शेतकऱ्यांचा आहे.

चिपीची गोष्ट वेगळ्याच कारणाने चटका लावते. सिंधुदुर्गचं हे विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं. चाकरमान्याला गणपतीला मुंबईहून तासाभरात गावी, हे स्वप्न खरं झालं. चौदा महिन्यांतच, डिसेंबर २०२२ मध्ये मोप्याचं उद्घाटन झालं. चिपी ते मोपा सरळ रेषेत पंचेचाळीस किलोमीटर. मोप्याला दिवसाला कितीतरी विमानं, मोठी जेट, सगळ्या शहरांना. सावंतवाडीच्या माणसाने काय करावं? तो पत्रादेवीवरून मोप्याला गेला. मुंबई–चिपीचं अनुदानित विमान तीन वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद पडलं. कोल्हापूरकरांनीही असंच केलं होतं. स्टार एअरने २०२२ मध्ये बेळगाव–नागपूर थेट विमान सुरू केलं, तेव्हा आमच्याकडचे काही जण महामार्गाने शंभरेक किलोमीटर दक्षिणेला बेळगावच्या सांबरा विमानतळावर जाऊन उत्तरेचं विमान पकडत. उलटं जाऊन सुलटं पोचायचं. पण मुंबई टळायची.

हवामानाचं एका वाक्यात सांगून पुढे जाणार होतो, पण शिर्डी आठवली. तिथलं काकडी गावचं विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालं, पट्टी अडीच हजार मीटरची, भाविकांची तुडुंब गर्दी, म्हणजे पैशाचा प्रश्न नाही. तरी २०१९ च्या नोव्हेंबरात तिथली विमानं कित्येक दिवस बंद राहिली. कारण धुकट हवा. नजरेने बघून उतरायचं तर पाच किलोमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसावं लागतं, आणि पट्टीशी रेषा जुळवून देणारी यंत्रणा नसेल तर तेवढं दिसेपर्यंत थांबणं एवढंच हातात उरतं. मुंबईत तशाच हवेत विमानं धडाधड उतरत असतात.

आता ज्या मुद्द्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याकडे येतो. अंतराच्या कोणत्याही तक्त्यात एक रकाना नसतो: वार. प्रादेशिक मार्गांवर विमान रोज नसतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. किंवा मंगळवार, गुरुवार, शनिवार. दर मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलतं आणि वारही बदलतात. समजा, सोम-बुध-शुक्रचं थेट विमान आहे आणि मला जायची गरज कधीही पडू शकते. आजारपण, मयत, कोर्टाची तारीख, मुलाखत. यांना वार नसतो. तर पुढचं विमान सुटेपर्यंत सरासरी किती थांबावं लागेल? हिशेब अवघड नाही. खंड दोन, दोन आणि तीन दिवसांचे. सरासरी थांबणं येतं सव्वा दिवसाच्या किंचित आत, एकोणतीस तास. आता गंमत बघा. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून निघून, तेराशेहून अधिक किलोमीटर राज्याच्या आतल्या आत रखडत, नागपूर ओलांडून थेट गोंदियाला पोचते तीही सव्वा दिवसाच्या आसपास. म्हणजे गाडी लगेच मिळाली तर, विमान सुटायच्या आत, सरासरीने, रेल्वेचा माणूस नागपूरला उतरून जेवून झोपलेलाही असतो.

म्हणूनच मला वाटतं, नव्या मार्गाच्या उद्घाटनाला ‘कोल्हापूर–अमुक आता फक्त सव्वा तासात’ असा फलक लागतो तेव्हा त्याखाली वार छापण्याची सक्ती असावी. आठवड्यातून तीनदा जाणारं मोठं विमान आणि रोज दोनदा जाणारं एकोणीस आसनांचं छोटं, यात प्रवाशाचा वेळ वाचवतं ते दुसरं. हिशेबाच्या वहीत परवडतं ते पहिलं. अनुदान द्यायचंच असेल तर ते आसनांवर न देता फेऱ्यांवर द्यावं, असं माझं मत. करातही सवलती देऊन झाल्या आहेत. राज्याने मुंबई-पुण्यातला विमान इंधनावरचा कर २०२३ मध्ये २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. त्याने तिकीट थोडं हललं असेल. वार वाढले नाहीत.

अलीकडे हालचाल बरी आहे. फ्लाय ९१ या कंपनीने २०२४ पासून गोव्याहून जळगाव, पुणे आणि जून २०२५ पासून सोलापूर जोडलं. यातला बराचसा जोड मुंबईला वगळून आहे, आणि मला ती गोष्ट भाड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. अमरावतीचं बेलोरा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं. पहिलं विमान मात्र, अर्थातच, मुंबईचं.

आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरअखेर विमानं उडू लागली. लहान गावांना आता उतरायला जागा मिळेल, असं सगळे म्हणतात, आणि ते खरं होण्यासारखं आहे. फक्त जोडतिकीट काढताना तीन अक्षरी संकेत नीट वाचावा. बीओएम म्हणजे सांताक्रूझ-सहार, एनएमआय म्हणजे उलवे. एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून पुढे जायचं असेल तर मधलं अंतर सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. संध्याकाळी सहा वाजता चेंबूरच्या सिग्नलला टॅक्सीत बसून त्याचे तास करायचे आहेत.